चौथा कोपरा

मृत्यूपुढे माणसाची कुठलीच तयारी चालत नाही.

हे वाक्य मी तुझ्या शोकसभेसाठी मनात घोळवून नेलं होतं, दत्ता. चांगलं वजनदार होतं. पण माझी पाळी येईपर्यंत आधीच्या तिघांनी ते आपापल्या शब्दांत म्हणून टाकलं, त्यातल्या एकाने तर दोनदा. मी उभा राहिलो, माइकला टिचकी मारली आणि टेबलावर ठेवलेल्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की वाक्य धडधडीत खोटं आहे.

माणूस गेल्यावर इतर घरांत फोटोची शोधाशोध होते. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याला कापून काढतात आणि मग तेरा दिवस त्याच्या खांद्यावर कुणा अनोळखी माणसाचा हात दिसत राहतो. तू मात्र मागेच केव्हातरी इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत जाऊन आला होतास. फोटो फ्रेम करून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला होतास. तुमच्या हॉलमध्ये कॅलेंडर ज्या खिळ्याला असायचं, तो खिळा कॅलेंडरच्या मानाने जरा दणकट आहे असं मला नेहमी वाटायचं. त्या सकाळी वहिनींनी कॅलेंडर उतरवलं आणि फोटो टांगला. तो पहिल्या झटक्यात सरळ बसला. मी बघत होतो. रडू तेव्हा आलं, आधी नाही.

त्यामुळे शोकसभेत मी काहीच बोललो नाही. दोन मिनिटं शांत उभे राहू या म्हणालो आणि खाली बसलो. भाषण फार आवडल्याचं पुष्कळांनी नंतर सांगितलं.

दाढी, आंघोळ उरकून, चहा पिऊन, खुर्चीत बसून गेलास. शेजारच्या बायका म्हणाल्या, पुण्यवान. मी म्हटलं, स्वभाव.

आपण दोघांनी एकाच शाळेत नोकरी केली, एकाच खोलीत डबा खाल्ला आणि एकाच विषयावर भांडत म्हातारे झालो. विषय तुझी तयारी. मी इतिहास आणि मराठी शिकवायचो. माझी तयारी वर्गाकडे जाताना जिन्यात व्हायची, आणि चांगली व्हायची असं मला अजूनही वाटतं. तू रसायनशास्त्राचा. उद्या वर्गात करायचा प्रयोग आज शाळा सुटल्यावर एकट्याने करून बघायचास. वर्षानुवर्षं तेच प्रयोग, तीच परीक्षानळी, तोच निळा रंग. मी म्हणायचो, अरे, तांब्याचा मोरचूद काय रातोरात मत बदलणार आहे? तू म्हणायचास, "मोरचूद नाही बदलत, पंडित. बाटलीवरची चिठ्ठी बदलते."

मला सगळ्या शाळेत पंडित फक्त तू म्हणायचास. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आता कळायचा मार्गही राहिला नाही.

पुढे तू मुख्याध्यापक झालास. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तुला शोधत एका वर्गात आलो तर तू एका बाकावर बसला होतास. उठलास, मागच्या बाकावर बसलास. मग त्याच्या मागच्या. खिशात घडी घातलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे होते. जो बाक डुगडुगेल त्याच्या पायाखाली एक सरकवायचा आणि पुढे जायचं. मी दारात उभा राहून म्हणालो की हे काम शिपायाचं आहे, मुख्याध्यापकाने करायला लागलं तर शाळेची शोभा जाते. तू वर न बघता म्हणालास, "शिपाई करतोच रे. पण पेपरात बाक हलला की पोरगं शिपायाला दोष देत नाही, स्वतःला देतं." आणि आणखी एका बाकावर बसलास. सगळे वर्ग होईपर्यंत मी तुझ्याबरोबर फिरलो, पण एकाही बाकावर बसलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

तुझी तयारी दरवेळी कामाला यायची असं मात्र कुणी समजू नये. वणीच्या सहलीला तू दोर नेलास, लिंबं नेलीस, गोळ्या, बँडेज, उलटीसाठी पिशव्या. गडावर जाऊन आलो, एकाही मुलाला खरचटलं नाही. परत येताना मुलं हिरमुसली होती. दोराचं काहीतरी होईल अशी त्यांना आशा होती. पिशवी एकच लागली आणि ती मला लागली, याचा उल्लेख तू माझ्या निरोप समारंभाच्या भाषणात केलास. तुझ्या मुलीच्या, मुग्धाच्या लग्नात तू पावसाची जय्यत तयारी केली होतीस. मांडवावर ताडपत्री, दाराशी छत्र्यांचा ढीग. पाऊस आला नाही. पाण्याचा टँकरही आला नाही. वऱ्हाडी हात धुवायला पाणी शोधत असताना मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं की तू तयारी करतोस खरी, पण चुकीच्या संकटाची. तू घामाघूम होतास. तरी म्हणालास, "छत्र्या उन्हाला चालल्याच ना?" आणि खरंच, व्याही मंडळी छत्र्या उघडून बसली होती. तुझ्याशी भांडण्यात हीच अडचण होती. तू हरायचास, पण पूर्ण नाही.

देवाधर्माचंही तेच. तू काही फार भाविक नव्हतास. सकाळची पूजा मात्र पद्धतशीर. वाती आदल्या दिवशी वळलेल्या, फुलं निवडलेली, ताम्हण घासलेलं. मी एकदा म्हटलं की देवाला एवढी तयारी लागत नसावी. तू म्हणालास, "त्याला नाही लागत. मला लागते." मी चहा मागितला.

पण आपलं खरं भांडण रहाडीचं, आणि तेच अर्धवट राहिलं.

तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांत नाशिकबाहेरचे असतील म्हणून लिहितो. होळीनंतर रंगपंचमीला आमच्या जुन्या गावात रंग खेळायचा तो रहाडीत. रहाड म्हणजे चौकाच्या पोटात बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो जाड लाकडी ओंडक्यांखाली, मातीखाली बंद असतो. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, नवीन माणसाला खाली काही आहे याचा पत्ता नसतो. रंगपंचमी जवळ आली की माती उकरायची, ओंडके काढायचे, हौद धुवायचा, पाण्याने भरायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आमच्या चौकातला केशरी. पळसाची फुलं काहिलीत उकळून तो करायचा आणि गरम गरम पाण्यात ओतायचा. मग पूजा, आणि मग धप्पा. काठावरून अशी उडी टाकायची की पाणी उसळून बघ्यांच्या अंगावर गेलं पाहिजे. या सगळ्याचा मान एकेका घराण्याकडे असतो. आमच्या रहाडीचा मान तुझ्या घराकडे, आणि तुझ्या वडिलांनंतर तुझ्याकडे.

इतर चौकांत पूजा झाली की धप्पे सुरू होतात. आपल्याकडे मध्ये एक गोष्ट असायची. रंग ओतल्यावर पाण्यातलं काही दिसत नाही. सकाळपासून काठावर शेकडो माणसं, नारळ, बाटल्या, लायटिंगच्या वायरी. म्हणून पूजेनंतर आणि पहिल्या धप्प्याआधी तू जुनी हाफपँट आणि बनियन घालून शिडीने खाली उतरायचास आणि छातीभर पाण्यात अनवाणी चालत हौदाचा सगळा तळ पायाने चाचपायचास. भिंतीपाशी सुरुवात, मग आत, मग चारही कोपरे. काच, खिळा, करवंटी, काही आहे का. वरून आमच्या सूचना चालायच्या. मी देवळाच्या पायरीवर चहा घेऊन बसलेला असायचो. विचारायचो, "काय गुरुजी, मोती सापडले का?" तू डोळे मिटून असायचास. एखाद्या वर्षी नारळाची करवंटी निघायची, एखाद्या वर्षी कुणाची चप्पल. जीवघेणं असं काही कधी निघालं नाही.

मग ते वर्ष आलं. मंडळाचा अध्यक्ष नुकताच बंटी झाला होता. आपलाच विद्यार्थी, तुझ्या रसायनशास्त्रात काठावर पास आणि माझ्या इतिहासात त्याहून काठावर. बंटीने कुणी मोठे पाहुणे आणले होते. ते वेळेआधी आले, जे मोठे पाहुणे कधी करत नाहीत. ढोल वाजत होते, फोटोवाले तयार, आणि रहाडीत एक म्हातारा माणूस छातीपर्यंत केशरी पाण्यात डोळे मिटून सावकाश फिरतोय. पाहुण्यांनी विचारलं हे काय चाललंय. "सर तळाशी काच आहे का बघतायत" असं सांगणं बंटीला बरं वाटेना. तो म्हणाला, "साहेब, पूजा चालू आहे."

पाहुण्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांच्या मागच्यांनी जोडले. ढोल थांबले. अख्खा चौक हात जोडून उभा राहिला आणि तू आत करवंट्या शोधत होतास. मी चहाचा कप पायरीवर ठेवला, कारण हसताना सांडला असता. शेवटच्या कोपऱ्यातून तू डोळे उघडलेस आणि वर पाहिलंस. तुझा तो चेहरा मला मरेपर्यंत पुरेल.

पुढच्या वर्षी लोकांनी न सांगता हात जोडले. त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी घंटा आणली.

तू वैतागलास. ही पूजा नाही, तपासणी आहे, असं तू बंटीला, मला, घंटावाल्याला सांगत राहिलास. मी तुझ्याशी भांडलो ते इथे. मी म्हटलं, होऊ दे की पूजा. तपासणी माणसाबरोबर संपते, पूजा टिकते. तू गेल्यावर कुणी कशाला गाळात पाय घालील? पण पूजा म्हटली की घालतील. सगळे धर्म असेच झाले असतील, कुणीतरी काहीतरी नीट तपासत होता आणि बाकीच्यांनी हात जोडले. यावर तू हसला नाहीस. म्हणालास, "पूजा झाली की पाय तळाला लागतील, पण बघणार नाहीत." मी म्हटलं, पाय कधी बघतात का. तू म्हणालास, "पंडित, तू कधी उतरला आहेस का आत?" मी नव्हतो उतरलो. ते भांडण दरवर्षी रंगपंचमीला उकरून काढायचं आणि संध्याकाळी झाकून ठेवायचं, रहाडीसारखंच. शेवटचं झालं ते मागच्या वर्षी. या वर्षी मी नवे मुद्दे काढून ठेवले होते. तयारी केली होती असंच म्हण.

तू गेलास आणि तुझं तेरावं व्हायच्या आत रंगपंचमी आली. काही लोक म्हणाले की यंदा रहाड बंद ठेवावी. बंटी म्हणाला, उलट यंदा दणक्यात करू, सरांना श्रद्धांजली म्हणून. त्याने दणक्यात म्हटल्यावर मला काळजी वाटली. पण त्याच्यावर हसू नये. स्मशानात सगळ्यांत जास्त तोच रडला होता, आणि त्यानेच सगळी लाकडं उतरवून घेतली होती. विचारायला सगळे तुझ्या घरी आले. शालनवहिनी खाली चटईवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सूतक आम्हाला आहे, रहाडीला नाही. उघडा." मग सगळे उठल्यावर मला थांबवून हळूच म्हणाल्या, "भावजी, ते पायानं बघायचं कोण बघणार?"

मी म्हटलं बंटी करील, परंपरा झाली आहे ती आता. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. तुमच्या घरात नुसत्या बघण्याचेही बरेच अर्थ होतात.

जाता जाता मी त्यांना एक गोष्ट विचारली, जी तुला अनेकदा विचारून तू उडवून लावली होतीस. हे पायाने बघणं तू सुरू का केलंस? लहानपणी कुणाला काच लागली होती का? कुणी दगावलं होतं? पुस्तकं वाचून माझी अशी समजूत झाली आहे की माणसाच्या प्रत्येक सवयीमागे एक जुनी जखम असते. वहिनी म्हणाल्या, "कसलं कारण हो? ते चहाच्या कपात पण आधी बघायचे."

मी बंटीकडे गेलो. त्याने मला कार्यक्रम सांगितला. यंदा चौकात मोठा स्क्रीन लागणार, रहाडीच्या वर रोषणाई, गुरुजी मंत्र म्हणणार आणि तुझ्या स्मरणार्थ मंडळाचा एक कार्यकर्ता रहाडीत पाच पावलं चालणार. "फक्त पाच?" मी विचारलं. "पाच शुभ असतात, सर. आणि व्हिडिओत जास्त वेळ बरं नाय दिसत." मी विचारलं की पाच पावलांत तळ कसा कळणार. तो खरोखर गोंधळला. "तळ म्हणजे? सर, हौद धुऊनच घेतलाय की. हे आपलं परंपरेचं."

तिथे उभ्या उभ्या मी ते भांडण हरलो, दत्ता, आणि तू ऐकायला नव्हतास. माझी पूजा टिकली होती. पाच पावलं टिकली होती. पायांनी बघणं राहून गेलं होतं, आणि तेही वाईट हेतूने नाही. पोरांनी हात जोडून इतकी वर्षं तुझ्याकडे पाहिलं, पण तू काय करतो आहेस ते बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुपारी त्याच हौदात पोरं डोकं खाली करून उड्या मारणार होती.

मी म्हटलं, "बंटी, पावलं मी टाकतो."

त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं हा भावनेचा प्रश्न आहे. त्याने लगेच मोबाइल काढून कुणाला तरी कार्यक्रमात बदल कळवला.

रंगपंचमीला चौकात ही गर्दी. तुझा फोटो पाटावर, त्याला हार, शेजारी समई. पाहुणे आले, या वेळी रीतसर उशिरा. पूजा झाली. मी शर्ट काढला तेव्हा माझ्याच माजी विद्यार्थ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या, त्यांचा मी आभारी आहे. शिडीने उतरलो. पाणी कोमट होतं. पळसाचा तो तुरट वास नाकाजवळ आला, जो पायरीवर बसून कधी आला नव्हता. पहिली गोष्ट मला कळली ती ही की तू डोळे का मिटायचास. उघड्या डोळ्यांनी माणसाचं लक्ष वरच राहतं. कोण बघतंय, कोण हसतंय, स्क्रीनवर आपलं पोट कसं दिसतंय. डोळे मिटले की तळपाय जागे होतात. दगडाचे सांधे लागतात, एक फरशी थोडी खचली आहे ते लागतं. दुसरी गोष्ट, पाय बघतात. तो मुद्दा मी परत घेतो.

पाच पावलं झाली. टाळ्या पडल्या. मी चालत राहिलो.

भिंतीच्या कडेने एक फेरी झाली, मग आतली. पहिला कोपरा. दुसरा. वरून बंटीचा आवाज आला, दबका. "सर, झालं. पाहुण्यांना पुढं सायखेड्याला जायचंय." मी डोळे न उघडता म्हटलं, "त्यांना चहा दे." मंत्र संपले होते. गुरुजींनी बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. ढोल थांबला होता. मी एकदाच एक डोळा किलकिला करून पाहिलं. अख्खा चौक हात जोडून उभा होता, पाहुण्यांसकट. म्हणजे मला थांबवायची कुणाची छाती नव्हती. कारण पूजा चालू होती. हेही तुझ्या कानावर घातलं पाहिजे. तुझ्या तपासणीला त्यांनी पाच पावलांवर आणलं हे खरं, पण माझ्या पूजेने मला हवा तेवढा वेळ मिळवून दिला हेही खरं. तपासणी म्हटली असती तर मला केव्हाच बखोटीला धरून बाहेर काढलं असतं.

तिसऱ्या कोपऱ्यात पायाला लोखंड लागलं.

पायाच्या बोटांनी उचलता येईना. तुला कसं जमायचं कोण जाणे. शेवटी नाक दाबून मी खाली बुडी मारली. तू कधी डोकं बुडवलं नाहीस, या बाबतीत मी तुझ्या पुढे गेलो. हाताला जे आलं ते घेऊन वर आलो, डोळ्यांतलं केशरी पाणी पुसलं आणि बघतो तर पक्कड. तार कापायची, चांगली जड, कातरीसारखं तोंड उघडं. उडी मारणाऱ्या पोराच्या कपाळाला लागली असती तर तुझ्या श्रद्धांजलीला वेगळं वळण लागलं असतं.

काठावर लायटिंगवाला सलीम उभा होता. तो आपल्या शाळेचाच, तुझा आवडता. तो म्हणाला, "सर, ही माझी हाय. सकाळपासनं शोधतोय." पण त्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. चौकात एकदम गलका झाला, ढोल सुरू झाले, बंटीने खाली वाकून माझ्या हातातली पक्कड दोन्ही हातांनी घेतली आणि उंच धरली. पोरं धप्पा मारायला काठावर सरसावली. पाहुण्यांनी बाह्या सारल्या. सगळ्यांच्या मते जे व्हायचं ते झालं होतं, आणि झकास झालं होतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. आता वर चढावं, पंचा घ्यावा, चार माणसं पाठीवर थाप मारतील, त्यांना मारू द्यावी.

मग मी म्हटलं, "थांबा रे. एक कोपरा राहिलाय."

मोठ्याने नव्हतं म्हटलं. पण मास्तरकीचा आवाज जात नाही. पोरं जागच्या जागी थांबली. एकाचा पाय हवेत होता, तो त्याने मागे घेतला. मी सावकाश चालत चौथ्या कोपऱ्यात गेलो. सगळा चाचपला. दोनदा चाचपला. मी तिथे जरा जास्तच वेळ उभा होतो, कारण तू दरवर्षी शेवटी इथेच यायचास आणि इथूनच वर बघायचास. तू एकट्याने इतकी वर्षं हे केलंस, आणि मी पायरीवरून मोती सापडले का म्हणून विचारत होतो. तू एकदाही म्हणाला नाहीस की पंडित, ये, बघ. मीही एकदाही म्हणालो नाही की थांब, मी येतो. आपल्या दोघांच्या इतक्या बोलण्यात एवढं एक राहिलं.

चौथ्या कोपऱ्यात काहीही नव्हतं.

मी वर आलो. पहिला धप्पा पाहुण्यांचा ठरला होता. ते काठावर आले, त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आणि हा मान स्थानिक कार्यकर्त्यांचा आहे असं माइकवर जाहीर करून मागे सरले. ते पाण्याला भितात असं त्यांच्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं. मग बंटीने उडी टाकली. पाणी देवळाच्या पायरीपर्यंत आलं आणि चहावाल्याची शेगडी विझली. तुझ्या स्मृतीसाठी याहून चांगलं काही होईल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी तसाच वहिनींकडे गेलो. केस केशरी, कान केशरी. त्यांनी दारातूनच पाहिलं. हसल्या नाहीत, पण हसायच्या बेतात होत्या. विचारलं, "चारी कोपरे?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मी कपात आधी बघितलं.

आता भांडणाचा निकाल. या वर्षीच्या अनुभवावरून तुझं बरोबर होतं असं मी लिहायला बसलो होतो. पूजा झाली की माणसं बघायची थांबतात. पुढच्या वर्षी मी बंटीलाच आत उतरवणार आहे, आधी कोरड्या हौदात, मग पाण्यात, डोळे मिटून. त्याला शिकवावं लागेल, आणि त्याच्या बाबतीत ते सोपं नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. पण तू शिकवलं नाहीस, दत्ता. तू नुसतं केलंस. तुझ्या तयारीत ही एक त्रुटी मी दाखवतो, आणि तुला उत्तर देता येणार नाही याचा गैरफायदा घेतो. एरवी तू काहीतरी म्हणाला असतास, आणि मी पुन्हा चहा मागितला असता.

उद्या तुझं तेरावं. मला बोलायला सांगितलं आहे. या वेळी मी भाषण आज मोठ्याने म्हणून बघितलं. त्यात दोन चुका सापडल्या.

पक्कड अजून पाटावर तुझ्या फोटोशेजारी आहे. तिला रोज हळदकुंकू वाहिलं जातं. सलीम दोनदा मागायला आला, चौकातली माणसं पाया पडताना बघून परत गेला, आणि काल त्याने नवी घेतली.